नावाने मारलेली हाक

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या या सभेत दरवर्षी कोणीतरी जाणती बाई बोलते. आजवर या जागेवरून आपण आहारावर ऐकले, मुलांच्या संगोपनावर ऐकले, संतांच्या अभंगांवर तर किती वेळा ऐकले. यंदा कार्यकारिणीने माझे नाव सुचवले आणि विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "सिनेमातल्या एका गाण्यावर बोलेन." विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, त्यांनी थोडा वेळ मला सांभाळून घ्यावे.

हा विषय मला गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुचला. वाण लुटून झाले होते, चहा व्हायचा होता, आणि आपल्या तरुण सभासदांनी मोबाईलवर एक गाणे लावले. दोन-चार जणींनी टाळ्यांवर ठेका धरला, एकदोघी उठून नाचू लागल्या. तेव्हा आपल्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "कावून वो बाई, आता मंडयात डिस्को करता का?" सगळ्या हसल्या, पण गाणे थांबले. पुढे त्या संध्याकाळी जे घडले ते मी शेवटी सांगणार आहे, आणि त्या बाईंची परवानगी घेऊनच सांगणार आहे. त्या समोर पहिल्याच रांगेत बसल्या आहेत.

ते गाणे म्हणजे 'अश्विनी ये ना'. चित्रपट 'गंमत जंमत', साल १९८७, दिग्दर्शक सचिन पिळगावकर. गीत शांताराम नांदगावकरांचे, संगीत अरुण पौडवालांचे, आणि गाणारे दोघे किशोरकुमार व अनुराधा पौडवाल. पडद्यावर होते अशोक सराफ आणि शाहीर साबळ्यांची कन्या चारुशीला साबळे. म्हणजे या गाण्याला पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या वर्षी जन्मलेली मुले आता स्वतः आईबाप झाली. तरीही आपल्या अमरावतीत किंवा माझ्या माहेरी अकोल्यात लग्नाची वरात निघाली, गणपतीचे कार्यक्रम झाले, शाळेचे स्नेहसंमेलन झाले, की हे गाणे वाजत नाही असे क्वचितच होते. त्या काळातली कितीतरी गाणी कॅसेटी खराब झाल्या तशी विसरली गेली. मग हेच का राहिले? या प्रश्नाचा मी माझ्या परीने विचार केला, तो आपल्यापुढे ठेवते.

प्रथम 'डिस्को' या शब्दाचे पाहू, कारण खरा आक्षेप त्यालाच आहे. जेथे तबकड्या लावून लोक नाचत, अशा जागेला फ्रेंच भाषेतून आलेले नाव होते. त्याचेच आखूड रूप डिस्को. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मोठ्या शहरांत या नाचाचे संगीत फोफावले. त्याचे मर्म एका सरळ ठेक्यात आहे. एक-दोन-तीन-चार, चारही मात्रांवर ढोलाचा सारखा ठोका. ज्याला ताल-सम काही कळत नाही त्याचाही पाय या ठेक्यावर आपोआप हलतो. आपल्याकडे ही लाट खऱ्या अर्थाने आणली ती १९८० च्या 'कुर्बानी' चित्रपटातल्या 'आप जैसा कोई' या गाण्याने. चाल बिद्दू या मूळच्या बंगलोरच्या आणि लंडनमध्ये नाव कमावलेल्या संगीतकाराची, आणि गाणारी नाझिया हसन, कराचीत जन्मलेली, अवघी पंधरा वर्षांची मुलगी. त्या गाण्याने तिला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. पुढे १९८२ साली 'डिस्को डान्सर' आला, बप्पी लाहिरींची गाणी पानठेल्या-पानठेल्यावर वाजू लागली, आणि गल्लीतली पोरे कपाळाला चमकदार पट्टी बांधून फिरू लागली. आपल्यातल्या पुष्कळ जणींना ती पोरे आठवत असतील. कारण त्यांतलीच काही पुढे आपले यजमान झाली!

या लाटेच्या अखेरीस, १९८७ मध्ये, मराठीच्या वाट्याला हे गाणे आले. मराठी चित्रपटाने तोवर लावणी दिली होती, भावगीत दिले होते, भक्तिगीत दिले होते. ज्यांचा या गाण्याला हात लागला त्यांनीही ते सर्व केले होते. अरुण पौडवाल हे 'अनिल-अरुण' या जोडीतले, 'अष्टविनायक' चित्रपटाला संगीत देणारे. १९७९ च्या त्या चित्रपटाचा नायक सचिनच होता. म्हणजे ज्या हातांनी गणपतीची गाणी बांधली, त्याच हातांनी पुढे हे नाचाचे गाणे बांधले. घरात सणाला पुरण करणारी बाई दुसऱ्या दिवशी मुलांसाठी भजी तळते, त्यात विसंगती काय आहे?

आता किशोरकुमारांविषयी थोडे अधिक बोलते, कारण ते आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १९२९ रोजी खांडव्याला झाला. त्या वेळी खांडवा, अकोला आणि अमरावती ही तिन्ही गावे एकाच 'मध्यप्रांत व वऱ्हाड' या कारभाराखाली होती. पुढे १९५६ मध्ये राज्ये वेगळी झाली, पण माणसांचे जाणेयेणे राहिले. अकोल्याहून अकोट, धूळघाट करीत मेळघाटच्या जंगलातून खांडव्याला मीटरगेजची छोटी गाडी जात असे. अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. धूळघाटाजवळ डोंगर चढताना रूळ वळसा घालून स्वतःलाच ओलांडून जात, आणि डब्यातली पोरे खिडकीतून खाली आपण आलो तो मार्ग पाहत. माझ्या माहेरच्या गल्लीत त्या गाडीने न गेलेले घर सापडणे कठीण होते. आता ती मीटरगेज राहिली नाही. पण आम्हाला किशोरकुमार मुंबईचे वाटलेच नाहीत, या गाडीच्या दुसऱ्या टोकाचे वाटले.

घरची भाषा बंगाली, गावची हिंदी, आणि तरी या गृहस्थांनी मराठीत गाऊन ते गाणे घरोघर पोहोचवले. त्यांच्या गाण्यात पंडिती सफाई शोधू नये. त्यात आहे तो मोकळेपणा. एखादा परप्रांतीय पाहुणा आपल्याकडे येऊन चुकतमाकत मराठीत बोलला, तर आपल्याला त्याचे जसे कौतुक वाटते, तसे ते गाणे ऐकताना वाटते. ज्या वर्षी चित्रपट आला त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला किशोरकुमार मुंबईत वारले. वय अठ्ठावन्न. त्यांच्या देहाला अग्नी खांडव्यात दिला गेला. माणूस शेवटी आपल्या गावी परत गेला.

त्यांच्याविषयीची आणखी एक गोष्ट आजच्या विषयाच्या अगदी जवळची आहे. किशोरकुमार हे त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. आईवडिलांनी ठेवलेले नाव आभासकुमार गांगुली. सिनेमात आल्यावर ते किशोरकुमार झाले आणि जगाने ते मान्य केले. हे लक्षात ठेवा. नाव बदलणे यात वाईट काही नाही. प्रश्न इतकाच, की ते कोणी बदलले आणि विचारून बदलले का.

आता गाणे टिकले का, ते सांगते.

ठेका हे एक कारण झालेच. दुसरे कारण म्हणजे त्याचा नायक. अशोक सराफांचा जन्म १९४७ चा. त्या गाण्याच्या वेळी ते चाळिशीत आलेले. मिशी, अंगकाठी साधी, चेहरा आपल्या शेजारच्या घरातला. असा माणूस रंगीबेरंगी कपडे घालून, लाज सोडून नाचतो तेव्हा आपण त्याला हसतो, आणि हसता हसता आपल्याला तो आपला वाटू लागतो. देखण्या नायकाचे प्रेम आपण लांबून पाहतो. या माणसाचे प्रेम आपल्या वाड्यात, आपल्या अंगणात होऊ शकते. पुढे महाराष्ट्राने त्यांना २०२३ चा महाराष्ट्रभूषण पुरस्कार दिला, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. पण वरातीत नाचणाऱ्या पोरांना त्या पुरस्कारांची खबर नसते. त्यांना तो नाच ठाऊक असतो.

मात्र ही दोन्ही कारणे पुरेशी नाहीत. ठेका तर हजार गाण्यांना होता. माझ्या मते खरे कारण त्याच्या नावातच आहे. तीन शब्दांचे नाव आहे. त्यातला पहिला शब्द एका बाईचे स्वतःचे नाव, दुसरा 'ये', आणि तिसरा 'ना'. बहुतेक प्रेमगीतांत नायिका नुसती सजणी असते, प्रिया असते, राणी असते. ती कोणीही असू शकते. येथे सर्वांत आधी नाव येते. अश्विनी, सत्तावीस नक्षत्रांतले पहिले नक्षत्र, आणि आपल्या घराघरांतल्या मुलीचे नाव. हाक नेमकी तिला आहे, दुसऱ्या कोणाला नाही.

आणि मग तो 'ना'. मैत्रिणींनो, आपल्या भाषेतला हा एका अक्षराचा शब्द मोठा विलक्षण आहे. 'ये' म्हटले की हुकूम झाला. 'ये की' म्हटले की घाई झाली. 'येशील का' म्हटले की विचारणा झाली, थोडी लांबूनच. 'ये ना' म्हटले की मात्र बोलणाऱ्याने स्वतःला लहान करून घेतले. आपण वऱ्हाडात 'ये नं' म्हणतो. लहान मूल आईचा पदर धरून म्हणते, "चाल नं माय." बहीण भावाला म्हणते, "थांब नं रे." त्या 'ना'मध्ये आर्जव असते, आणि समोरच्याला नाही म्हणण्याची मोकळीकही असते. पुरुषाने बाईला असे बोलवावे, चारचौघांत, मोठ्याने, ढोलताशावर, हे आपल्या घरांत कोठे घडत होते?

आता थोडे माझे सांगते, कारण त्याशिवाय मुद्दा स्पष्ट व्हायचा नाही. माझे लग्न १९८८ च्या माघात झाले. अकोल्याची मुलगी अमरावतीला आली. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरले आणि यजमानांनी सोन्याच्या अंगठीने त्यावर माझे नवे नाव लिहिले. सासूबाईंनी ते आधीच ठरवले होते. छान नाव होते. मला त्याचा राग नव्हता, आजही नाही. सगळ्या टाळ्या वाजवीत होत्या, मीही खाली मान घालून हसत होते. पण ते तांदूळ दुसऱ्या दिवशी डब्यात गेले आणि माझे बावीस वर्षांचे नाव त्याबरोबर कोठे गेले ते मला कळले नाही. बरे, ते नवे नाव तरी कोणी घेत होते का? तेही नाही. सासूबाई "सूनबाई" म्हणत, दीर "वहिनी" म्हणत, आणि यजमान वडीलधाऱ्यांसमोर नुसते "अगं ए, ऐकलंस का" म्हणत. नवऱ्याचे नाव घ्यायला आम्हाला उखाण्याची तरी सोय होती. आमचे नाव घ्यायला त्यांच्याकडे काहीच सोय नव्हती! पुढे मुलगा झाला आणि मी त्याची आई झाले. म्हणजे एका बाईला पाच-सहा नाती मिळाली आणि नाव मात्र शिल्लक राहिले नाही.

पुढच्या वर्षी धाकट्या दिरांचे लग्न अकोल्यातच झाले. टिळक रोडवरून वरात चालली होती. पुढे बँड, मध्ये घोडा, मागे आम्ही बायका ओळीने, हातात आहेराच्या पिशव्या. बँडवाल्याने हेच गाणे धरले. पोरे रस्त्यावर उड्या मारू लागली, शेवटी आमचे यजमानही नाचले. आम्ही बायकांनी नाचायचे नसते, म्हणून आम्ही पदर सावरून पाहत होतो. माझ्या शेजारी माझी चुलत जाऊ होती. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आपल्याले कोनी असं बलावते का वो?" मी म्हटले, "गप्प बस, कोणी ऐकेल." पण ती जे म्हणाली तेच मी मनात म्हणत होते. हे गाणे इतकी वर्षे का टिकले याचे माझे उत्तर, भगिनींनो, त्या दिवशीच्या तिच्या प्रश्नात आहे.

कोणी म्हणेल, बाईला एवढी बोलावून घेण्याची हौस कशाला? तिने स्वतः का बोलवू नये? तेही आपल्याकडे घडले आहे, आणि फार पूर्वी घडले आहे. आपल्या जिल्ह्यातले कौंडिण्यपूर म्हणजे रुक्मिणीचे माहेर. भावाने तिचे लग्न शिशुपालाशी ठरवले तेव्हा तिने गप्प बसून आसवे गाळली नाहीत. ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप धाडला, की मला येऊन घेऊन जा. भागवतात ही कथा आहे, एकनाथांनी तिच्यावर 'रुक्मिणीस्वयंवर' रचले, आणि आपण ज्या अंबादेवीला नवरात्रात ओटी भरायला जातो, तेथूनच कृष्णाने तिला नेले अशी आपली श्रद्धा आहे. तेव्हा वऱ्हाडात 'ये ना' हे प्रथम एका मुलीने म्हटले, असे मी म्हटले तर अंबादेवी रागावणार नाही. ते गाणेही एकट्या पुरुषाचे नाही. त्यात अनुराधाबाईंचा आवाज आहे, तिलाही आपले म्हणणे आहे. हाक आणि उत्तर अशी दोन्ही असली तरच संवाद होतो.

आता दुसरी बाजू सांगितली नाही, तर मी आपली फसवणूक केली असे होईल. हेच गाणे एखाद्या मुलीला नकोसे होऊ शकते. मी नोकरी करीत असताना आमच्या शाळेत नववीच्या वर्गात अश्विनी नावाची एक मुलगी होती. शाळा सुटली की सायकलवरून येणारी चार-पाच पोरे तिच्या मागून हे गाणे म्हणत जात. रोज. तिने रस्ता बदलला, तर त्यांनीही बदलला. चार दिवस ती शाळेतच आली नाही. मग तिची आई मला भेटायला आली आणि म्हणाली, "बाई, हजेरीपटावर हिचं नाव बदलता येईल का?" मी थक्क झाले. चूक पोरांची, आणि नाव बदलायचे मुलीने!

मी त्या पोरांना आईवडिलांसह बोलावले. रागावले नाही. फळ्यावर 'ये' आणि 'ये ना' असे दोन शब्द लिहिले आणि त्यांना अर्थातला फरक विचारला. मराठीचाच तास होता म्हणा ना! एकाने बरोबर सांगितले, "बाई, दुसऱ्यात विनंती आहे." मी म्हटले, "विनंती केल्यावर समोरचा नाही म्हणाला तर काय करायचे?" तो म्हणाला, "घरी जायचे." मी म्हटले, "मग तुम्ही घरी का गेला नाहीत?" पोरांनी माना खाली घातल्या. त्यांतल्या एकाच्या आईने तेथेच त्याला त्या मुलीची माफी मागायला लावली. तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे, की दोष त्या गाण्याचा नाही. तिच्या मनाविरुद्ध तिचे नाव रस्त्यावर घेणे ही छेड, आणि तिच्या मनाजोगते घेणे हा मान. शब्द तेच, चालही तीच.

ती मुलगी पुढे शिकली. तिच्या लग्नाची पत्रिका द्यायला ती माझ्याकडे आली तेव्हा निघता निघता म्हणाली, "बाई, बँडवाल्याला ते गाणे मीच सांगितले आहे." मला फार बरे वाटले. ज्या नावाची तिला लाज वाटायला लावली होती, ते तिने परत आपल्या ताब्यात घेतले होते.

असो. आता हळदीकुंकवाच्या त्या संध्याकाळकडे येते.

गाणे थांबल्यावर सगळ्या जरा अवघडल्या. तेव्हा मी एक खेळ सुचवला. म्हटले, "नाचायचे राहू द्या. प्रत्येकीने एका चिठ्ठीवर आपले माहेरचे नाव लिहायचे, आई ज्या नावाने हाक मारीत असे ते. मी चिठ्ठी उचलीन, मुली त्या नावाने गाण्याची पहिली ओळ म्हणतील, आणि जिचे नाव येईल तिने उठून पुढे यायचे." खेळ चालू झाला. तीन अक्षरी नावे चालीत लगेच बसत होती. कुसुम, मालती, शालिनी, वनिता. दोन अक्षरी नावांना मुली ओढून-ताणून लांबवीत होत्या, चार अक्षरी नावांना कोंबत होत्या, आणि त्यावरून हशा पिकत होता. पण थोड्या वेळाने मला एक गोष्ट जाणवली. पंधरा-वीस वर्षे शेजारी बसणाऱ्या आपण एकमेकींची ही नावे पहिल्यांदाच ऐकत होतो. "अवं, तू सुमती होय?" असे एकमेकींना विचारीत होतो, जणू नवीन ओळख होत होती.

मग एक चिठ्ठी निघाली. अक्षर जुन्या वळणाचे, थरथरते. मुलींनी ते नाव गाण्यात म्हटले. कोणी उठले नाही. पुन्हा म्हटले, तरी कोणी उठले नाही. मला वाटले, चिठ्ठी लिहिणारी घरी गेली असावी. तिसऱ्यांदा म्हटले तेव्हा पहिल्या रांगेतल्या त्याच वडीलधाऱ्या बाई, ज्यांनी "मंडयात डिस्को करता का" असे विचारले होते, खुर्चीचा हात धरून सावकाश उठल्या. त्यांचे वय आज अठ्ठ्याहत्तर. सतराव्या वर्षी लग्न झाले. त्या नावाने हाक मारणारे शेवटचे माणूस, त्यांचे थोरले भाऊ, जाऊन बरीच वर्षे झाली. त्या म्हणाल्या, "पयल्यांदा आयकू आलं, पन वाटलं दुसऱ्या कोनाले बलावता. माझ्याच नावाची मले वयखी नाही राहिली."

नंतर त्या नाचल्या का, असे आपण विचाराल. नाही, नाचल्या नाहीत. पुढे येऊन उभ्या राहिल्या, दोनदा टाळी वाजवली, आणि म्हणाल्या, "आता लावा तुमचं डिस्को." मुलींनी लावले.

भगिनींनो, मी समाजशास्त्राची अभ्यासक नाही. पण इतके मला समजते, की नाव ही लहान गोष्ट नाही. लग्नानंतर बाईने नाव बदललेच पाहिजे असा आपल्या देशात कायदा नाही. ही रूढी आहे, आणि ज्यांना ती आवडते त्यांनी ती आनंदाने पाळावी. २०२४ साली आपल्या राज्य सरकारने ठरवले, की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव असे लिहावयाचे. म्हणजे आपल्या नातवंडांच्या शाळेच्या दाखल्यावर आईचे नाव असणार. ही चांगली गोष्ट झाली. पण आपल्या स्वतःच्या मंडळात काय आहे? आपल्या हजेरीवहीत बघा. "बँकेतल्या काकू", "डॉक्टरीणबाई", "वरच्या मजल्यावरच्या वहिनी" अशा नोंदी पेन्सिलीने केलेल्या आजही सापडतील. मी चिटणीस होते तेव्हा त्यांतल्या काही मीच केल्या आहेत. दोष दुसऱ्या कोणाचा नाही.

म्हणून या भाषणाच्या शेवटी मी एक सूचना करते. तिचा विचार कार्यकारिणीने करावा. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत सभासदांची यादी छापताना प्रत्येकीला विचारावे, की बाई, तुमचे कोणते नाव छापू? सासरचे, माहेरचे, की दोन्ही? जी जे सांगेल ते छापावे. आणि मासिक सभेत हजेरी घेताना आडनावाने न घेता तिने सांगितलेल्या नावाने घ्यावी. याला खर्च नाही, वर्गणी वाढवावी लागणार नाही. लागेल ती फक्त थोडी सवय.

मी घरीही एक प्रयत्न केला, तो सांगून संपवते. हळदीकुंकवाहून घरी गेले आणि यजमानांना सगळी हकीकत सांगितली. ते वर्तमानपत्र वाचत होते. काही बोलले नाहीत. मला वाटले, त्यांनी ऐकलेच नसावे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेरून माझे माहेरचे नाव ऐकू आले. सदतीस वर्षांत पहिल्यांदा. पुढे "चहा दे ना" असेही होते. चहा मी दिला. पण 'ना' लावले म्हणून दिला, हे त्यांना सांगितले आहे!

 सूचनेवर हात वर करून मत घ्यावे अशी अध्यक्षाबाईंना विनंती करते, आणि माझी जागा घेते.